माणिकचा दगड

"वच्छे, लाहोटीच्या दुकानातून पावशेर शेंदूर आण. अन् तिळाचं तेल. करडईचं देईल तो, घेऊ नको."

गयामाय चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. मी दारात उभी, धापा टाकत, वेणी सुटलेली. उद्या सकाळी नगरपालिकेची माणसं पहारी घेऊन येणार आणि स्टँडसमोरचा माणिकचा दगड उपटून टाकणार, हे तिला सांगायला मी भर बाजारातून पळत आले होते. आणि या बाईला शेंदूर पाहिजे होता.

"माय, मी काय सांगायलेय ते ऐकू आलं का तुला?"

"आलं की. बहिरी हाय का मी? उद्या येणार हायत म्हणून तर आजच आणून ठेव म्हणायले."

"अगं पण शेंदूर कशाला?"

"शेंदूर कशाला लागतो एवढं बी शिकवत न्हाईत व्हय तुझ्या कॉलेजात?" तिनं भाकरी उलटली. "जा. दुकान बंद व्हायच्या आत जा."

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. फिरायला कारणही होतंच म्हणा.

माणिक म्हणजे तिचा एकुलता एक. माणिक लहान असतानाच नवरा किसन गेला, तेव्हापासून गयामाय आमच्या मांजरथडी गावात एका खोलीत खानावळ चालवायची. आजूबाजूच्या खेड्यांतून शिकायला आलेली पोरं तिच्याकडं जेवायची. आमचं घर त्याच गल्लीत. माणिक आणि मी कॉलेजात एकाच वर्गात. मला तो आवडायचा. आता या वयात सांगायला काय जातंय? त्याला ते ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक. तो सगळ्यांशीच हसून बोलायचा, मेला.

दुष्काळाच्या वर्षी सरकारनं कॉलेजच्या वसतिगृहातली खानावळ बंद केली. धान्य नाही, पैसा नाही, पोरांनी घरी जावं. घरी जाऊन तरी काय खाणार? गयामायनं जमेल तितक्यांना जेवू घातलं, मग तिचंही पीठ सरलं. तेव्हा पोरांनी तहसील कचेरीवर मोर्चा काढला. रिकाम्या ताटल्या वाजवत निघायचं असं ठरलं होतं. माणिकनं ताटली घेतली नाही, आईची पितळी परात उचलली. "मोठा आवाज झाला पाहिजे, माय." ती मागून ओरडत होती, "पोचे आणलेस तर घरात घेणार न्हाई तुला!" आम्ही पोरी हसत होतो.

स्टँडसमोर पोलिसांनी गोळी चालवली. परात परत आली नाही, माणिकही आला नाही.

सरकारी कागदात आलं, 'चेंगराचेंगरीत एक इसम दगावला.' गोळीचा उल्लेख नाही. विद्यार्थी नाही, इसम. प्राचार्यांनी सांगितलं की शेळके नावाच्या मुलानं आधीच कॉलेज सोडलं होतं. भिंतीवरच्या घोषणांवर चुना फिरला. त्या दिवशीचे पेपर वाचनालयातून कुणी नेले ते आजपर्यंत कळलं नाही. वर्गातला त्याचा बाकसुद्धा हलवला. मी रोज त्या रिकाम्या जागेकडं बघायची आणि मलाच शंका यायची, आपण चेंगराचेंगरीच बघितली की काय?

म्हणून आम्ही वर्षानंतर वर्गणी काढून वडाराकडून एक काळा दगड घडवून घेतला आणि माणिक पडला होता तिथं उभा केला. वर खोल अक्षरं कोरली: 'माणिक किसन शेळके. विद्यार्थी. इथे पोलिसांच्या गोळीने गेला.' अख्ख्या गावात त्याचं नाव, विद्यार्थी आणि गोळी हे तीन शब्द एका जागी फक्त तिथंच होते. आता आणीबाणी आलेली. कॉलेजच्या नव्या इमारतीसाठी मंत्री येणार होते आणि त्यांच्या वाटेवर तो दगड नको होता.

शेंदूर घेऊन परत आले तर घरात भास्कर. मोर्चाचा पुढारी भास्कर वाघमोडे. पोलीस त्याच्या मागावर होते, म्हणून परसाच्या दारानं आलेला, डोक्यावरून घोंगडं घेतलेलं. ते त्याच्यावर इतकं विचित्र दिसत होतं की अशा प्रसंगीही मला हसू आलं.

"हसतेस काय वच्छे? बैलगाडी सांगून ठेवलीय. अंधार पडला की दगड काढून मामाच्या शेतात नेऊन पुरू. दिवस पालटले की परत आणू."

"न्हाई," गयामाय म्हणाली.

"माय, तुला कळत नाही. ते फोडतील त्याचे तुकडे. खडी करून रस्त्यावर टाकतील."

"माझं लेकरू स्टँडासमोर पडलं. तुझ्या मामाच्या शेतात पडलं होतं का?"

भास्करनं घोंगडं डोक्यावरून खाली ओढलं. मग म्हणाला, "ठीक आहे. मग आम्ही सगळे सकाळी दगडाभोवती आडवे पडतो. उचला म्हणावं आम्हाला."

"अन् त्यांनी पुन्यांदा गोळी घातली म्हंजे? आणखी कुणाच्या मायनं दगड बघत बसायचं रं?" तिनं त्याच्यापुढं ताट सरकवलं. "जेव. अन् उद्या बाजारात दिसू नको. माझं मी बघते."

"तू काय बघणार?"

तिनं शेंदराची पुडी हातात घेऊन वजन करावं तशी जोखली आणि मला म्हणाली, "तिळाचंच हाय ना तेल?"

भास्करनं पुडी बघितली, आणि भाकरीचा घास त्याच्या हातातच राहिला. "शेंदूर? माय, तो कधी देवळात गेला नाही. तूच त्याला शिव्या द्यायचीस ना त्यापायी?"

"द्यायची की. अजून बी देते."

मी भास्करकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. दोघांनाही काही कळलं नव्हतं, पण ते कबूल कोण करणार?

सकाळी उजाडता उजाडता मी तिच्या मागं मागं गेले. शनिवार होता. ती न्हालेली, ओले केस पाठीवर, हातात पितळी पातेलं, त्यात तेलात खललेला शेंदूर. बाजार नुकता जागा होत होता. हाशमभाई हॉटेलपुढं पाणी मारत होते. गयामायला बघून त्यांनी बादली खाली ठेवली.

ती दगडापुढं बसली. आधी पदरानं दगड पुसला. मग कनवटीतून एक इवलीशी पितळी डबी काढली. मी ती डबी ओळखली. मेणाची डबी. आमच्या आया कपाळाला आधी मेण लावायच्या आणि त्यावर कुंकू टेकायच्या. किसनराव गेल्यापासून ती डबी गयामायनं उघडली नसणार. आता तिनं ती उघडली, मेण तळहातावर चोळून मऊ केलं, आणि दगडावरच्या एकेका अक्षरात बोटानं भरायला लागली. म. ण. क. तिला वाचता येत नव्हतं. पण माणिकनं तिला एवढं एकच नाव शिकवलं होतं, चुलीतल्या कोळशानं भिंतीवर लिहून. ती तोंडानं पुटपुटत होती आणि बोट चालत होतं.

"माय, हे काय करायलीस?"

"उगं ऱ्हा."

अक्षरं सगळी भरली. मग तिनं पातेल्यात हात बुडवला आणि शेंदराचा भला मोठा गोळा नावावर थापला.

मी तिचं मनगटच धरलं. "माय! अगं नाव बुजायलंय! कळतंय का तुला? नाव बुजायलंय त्याचं!"

"बुजू दे."

"सरकारचं काम तूच करायलीस की गं!"

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, वेडही नव्हतं. काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली आणि पुन्हा पातेल्यात हात घातला. वरपासून खालपर्यंत दगड शेंदरी झाला. वरच्या बाजूला तिनं दोन डोळे दाबले, पांढऱ्या कवड्यांचे. त्या कधी, कुठून आणल्या होत्या देव जाणे. बाजूला नारळ फुटल्याचा आवाज झाला. बघते तर हाशमभाई.

"हाशमभाई, तुम्हीसुद्धा?"

"गयाबाईनं सांगितलं, फोडा. मी फोडला," ते म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं?"

तेवढ्यात नगरपालिकेची गाडी आली. लक्ष्मण मुकादम, त्याच्याबरोबर पहारी घेतलेले गडी, आणि मागून जीपमधून नायब तहसीलदार घुगेसाहेब. लक्ष्मण उतरला, चार पावलं पुढं आला आणि थबकला. त्यानं आधी दगडाकडं बघितलं, मग गड्यांकडं. गड्यांनी पहारी खाली ठेवल्या. एकानं तर चपला काढल्या.

"काय झालं? चला, आवरा," घुगे म्हणाले.

"साहेब, इथं देव हाय."

"कसला देव? कालपर्यंत इथं दगड होता."

"देव बी दगडाचाच असतोय साहेब," लक्ष्मण हळूच म्हणाला.

घुगेसाहेब लालबुंद झाले. "कोण म्हणतो देव आहे? कधीपासून आहे हा देव?"

आणि मग जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं नसतं तर कुणी सांगूनही मला पटलं नसतं. लाहोटी शेटजी दुकानाच्या पायरीवरून म्हणाले, "जुना आहे साहेब. आमचे आजोबा इथं आले तेव्हापासून." पलीकडचा न्हावी म्हणाला, "आमच्या पणज्यानं बघितलाय." एक भाजीवाली म्हणाली की तिचा नवस फळला याच देवाला, आणि कडेवरचं पोर पुढं करून दाखवलं. हाशमभाईंनी तर कमालच केली. छातीवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, माझे वालिद सांगायचे, रझाकारीत सुद्धा या देवाला कुणी हात लावला नाही."

मी आ वासून बघत होते. याच माणसांनी दगडाला वर्गणी दिली होती. याच शेटजींनी फटफटीवरून वडाराला आणलं होतं. आता सगळे शपथेवर सांगत होते की इथं माणिकचा दगड कधी नव्हताच. सरकारही तेच म्हणत होतं. मग आम्ही भांडत कशासाठी होतो? हसावं का रडावं का बोंबलत सुटावं, मला काही सुधरेना.

घुगे मात्र कच्चे नव्हते. माणिक गेल्यावर झालेल्या चौकशीच्या वेळी गयामायचा जबाब त्यांनीच घेतला होता. ते तिला चांगलं ओळखत होते. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "बाई, हा देव आहे म्हणता?"

"व्हय."

"मग पाया पडा."

जे समजायचं ते सगळ्यांना समजलं. आपल्याकडं आई लेकाच्या पाया पडत नाही. चुकूनही नाही. मोठ्यानं लहानाच्या पाया पडलं की लहानाचं आयुष्य कमी होतं, हे गयामायसारख्या बाईला कुणी वेगळं सांगायला नको होतं. कुणी वयानं मोठं माणूस माणिकला गमतीनं हात जोडायला लागलं तरी ती त्याला मागं ओढायची. साहेबांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. पाया पडली तर देव. नाही पडली तर तिचा पोरगा, आणि मग पहार.

गयामाय तशीच बसून राहिली. मला वाटलं, आता ती रडणार, छाती पिटणार, सगळं सांगून टाकणार. तसं झालं असतं तरी मी तिला दोष दिला नसता.

"माय, नको," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते का निघालं, कुणास ठाऊक.

"आता काय कमी व्हायचंय त्याचं?" ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, पीठ संपलं म्हणावं तशी.

तिनं पदर डोक्यावरून घेतला, दोन्ही हात जोडले आणि कपाळ त्या ओल्या शेंदरावर टेकवलं. बराच वेळ उचललं नाही. उचललं तेव्हा किसनराव गेल्यापासून कोऱ्या राहिलेल्या त्या कपाळावर हा मोठा शेंदरी डाग होता. कुणीतरी मागं हुंदका दिला. लक्ष्मण मुकादम असावा.

घुगेसाहेब दुसरीकडं बघायला लागले. मग खाकरून लक्ष्मणला म्हणाले, "लिहून द्या. सदर ठिकाणी पुरातन देवस्थान आहे. स्मारक वगैरे काही आढळून आलं नाही." आणि जीपकडं गेले. जाता जाता त्यांचा एक हात खिशातून निघून छातीशी गेल्यासारखा मला वाटला. नमस्कार केला का गुंडी नीट केली, ते काही मी सांगू शकत नाही.

दुपारी भास्कर आला. पोलिसांची पर्वा न करता, घोंगडं न घेता, सरळ पुढच्या दारानं.

"त्यांनी गोळी घातली," तो म्हणाला. "पण नाव तू पुसलंस, माय. तुझ्या हातानं. त्याला देव केलंस तू! त्याला!"

गयामायच्या कपाळावरचा डाग अजून तसाच होता. तिनं फडक्यात दोन भाकरी आणि ठेचा बांधून त्याच्या हातात दिला. त्यानं तो जमिनीवर ठेवला आणि निघून गेला. संध्याकाळी त्याला धरलं. त्या भाकरी मग मीच खाल्ल्या. टाकवल्या नाहीत मला.

"माय, कशापायी केलंस गं?" मी विचारलं. "दगड राहावा म्हणून?"

"मग काय."

"पण नुसता दगड राहून काय उपयोग? नावच गेलं की."

"दर शनिवारी लावायचा," ती म्हणाली. "जाड होऊ दे." याच्यापुढं तिनं मला काही म्हणजे काही सांगितलं नाही.

तिनं दर शनिवारी लावला. मंत्री आले, त्यांनी म्हणे गाडीतूनच हात जोडले. आणीबाणी उठली, भास्कर सुटून आला. आम्ही काहीजण म्हणालो, आता शेंदूर खरवडून काढू. तर बाजारच अंगावर आला. देवाला हात लावाल तर याद राखा! तोपर्यंत वर पत्रा आला होता, घंटा आली होती. गयामायला विचारलं तर म्हणाली, "दुसरं सरकार आलंय म्हंजे काय पोलीस दुसरे आलेत? थांबा." किती थांबायचं, ते सांगितलं नाही. तिथं ती कधी रडलीसुद्धा नाही. देवापुढं रडलं की लोक विचारतात, काय नवस केलाय बाई? तिचं ते रडणंसुद्धा गेलं, याचं मला फार वाईट वाटायचं.

ती गेली तेव्हा शेंदराची वाटी मी घेतली. मी, जी देवळाच्या पायरीवर फक्त चपला राखायला बसते. घरात सुना चेष्टा करायच्या. मी करत राहिले, कारण तिनं सांगितलं होतं, आणि दुसरं काय करावं ते कधी सुचलं नाही.

देवाला पुढं नाव पडलं, परीक्षेचा मारुती. कॉलेजची पोरं हॉलतिकीट त्याच्या पायाशी ठेवायची. माणिक स्वतः इंग्रजीत गटांगळ्या खायचा हो, आणि पोरं त्याला पास कर म्हणून नारळ फोडायची! मी एकदोघांना सांगितलं, बाबांनो, हा मारुती नाही, हा माणिक शेळके, तुमच्याच कॉलेजचा. ते हसले. "आजी, देवाची चेष्टा करू नये." लाहोटीचा नातू तर सांगतो की विहीर खणताना हा देव आपोआप वर आला. कॉलेजला पन्नास वर्षं झाली तेव्हा मोठं पुस्तक निघालं. त्यात ना मोर्चा, ना गोळी. समितीत कोण, तर भास्कर. मी घरी जाऊन त्याच्या पुढ्यात पुस्तक आपटलं.

"पुरावा काय वच्छे?" तो म्हणाला. म्हातारा झालेला, डोळ्यांत पाणी. "मी मांडलं होतं. ते म्हणाले, सरकारी कागदात तर लिहिलंय, तिथं पुरातन देवस्थान आहे. मी काय बोलू? माझ्याच डोळ्यांदेखत पडला तो..." त्यानं पुस्तक पालथं ठेवलं. मी उठून आले. चूक कुणाची म्हणायची?

परवाच्या मे महिन्यातली गोष्ट. रस्ता रुंद करायचं काम सुरू झालं होतं. कडेची दुकानं, ओटे, पुतळे सगळं पाडायचं, देवस्थानांचं मात्र नंतर बघू, असा हुकूम. शनिवारी वाटी घेऊन गेले तर देवापुढं ही गर्दी. पुजारी घामाघूम. ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं.

"आजी, देवानं खोळ टाकली!"

इतक्या वर्षांचं ते शेंदराचं जाड कवच अख्खंच्या अख्खं सुटून खाली पडलं होतं, कवड्यांच्या डोळ्यांसकट. आत काळा दगड. आणि दगडावर अक्षरं, काल कोरल्यासारखी. हॉलतिकीट हातात घेतलेली एक पोरगी पुढं वाकून मोठ्यानं वाचत होती, "माणिक... किसन... शेळके. विद्यार्थी. इथे पोलिसांच्या..." ती थांबली. "आजी, हे काय लिहिलंय?"

"आजी, आधी शेंदूर लावा, देव उघडा पडलाय," पुजारी कानाशी कुजबुजला. "हे असलं सायबांनी वाचलं तर देव म्हणून ठेवणार नाहीत. सोमवारी जेसीबी येतोय."

वाटी माझ्या हातात होती. लावला तर दगड राहणार, माणिक जाणार. नाही लावला तर माणिक दिसणार, आणि सोमवारी दगडच जाणार. एवढं आयुष्य गेलं आणि मी परत त्याच शनिवारी येऊन उभी! "माय, काय करू गं आता?" मी मोठ्यानंच म्हणाले. लोक बघायला लागले.

मी खाली बसले आणि त्याच्या नावावरून बोट फिरवलं. बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं. चिकट. नखानं उकरलं. मेण.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. माझी आई सांगायची, नुसतं कुंकू लावलं की कपाळात मुरतं, डाग पडतो, घासून जात नाही. खाली मेण असलं की घामानं हलत नाही, पण काढायचं म्हटलं की एका बोटानं मेणासकट निघतं आणि कपाळ कोरं राहतं. गयामायनं नाव पुसलं नव्हतं. ठेवून दिलं होतं. का तिनं ते नुसतं सवयीनं केलं होतं, लाल काही लावायचं तर आधी मेण, म्हणून? विचारायला ती नाही. मी तिला इतकी वर्षं मनात किती बोलले होते, आणि ती शनिवारच्या शनिवार शेंदूर जाड करत होती. मला तिथंच रडू फुटलं. रडले मी, भर बाजारात. विचारू देत कुणाला काय नवस ते.

मग मी पदराच्या टोकानं अक्षरांतलं मेण काढलं. सगळं, कानामात्रेतलंसुद्धा. शेंदरात बोट बुडवलं आणि अक्षरं भरायला लागले. माणिक. किसन. शेळके. विद्यार्थी. गोळी या शब्दाला जरा जास्तच लावला. दगड काळाच ठेवला.

"आजी, अन् बाकीचा देव?" पुजाऱ्यानं विचारलं.

"एवढाच आहे."

तो गोंधळून उभा राहिला. कुणी म्हणालं, असं कसं चालेल. कुणी म्हणालं, देवानंच अक्षरं दाखवलीत. दोघं भांडायलाही लागले. त्या पोरीनं मात्र चपला काढल्या, हॉलतिकीट दगडापाशी ठेवलं आणि हात जोडले. मग जोडलेले हात तसेच ठेवून मला म्हणाली, "आजी, हे देव आहेत का आमच्या कॉलेजचे?"

"कॉलेजचा आहे," मी म्हणाले. "बाकीचं मलाही अजून नीट कळलेलं नाही."

सोमवारी काय होईल ते सोमवारी. पण अक्षरांतला शेंदूर आता काही केल्या निघायचा नाही. या खेपेला मी खाली मेण लावलेलं नाही.